भेटीची बाटली आणि हक्काची मजुरी



लंडनमधील एका कंपनीत काम करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याचे परवा पत्र आले. नाताळात ग्राहकांना फ्रेंच शॅम्पेनऐवजी इंग्लंडमध्येच तयार होणारी फेसाळती वाइन भेट द्यावी, असे त्याने वरिष्ठांना सुचवले आहे. 'ही स्वदेशीच नव्हे काय?' असे तो मला विचारतो. मद्यपानाचा वाद मी आज बाजूला ठेवतो. ह्या प्रश्नाचे अर्थकारण तेवढे पाहू.

त्याच्या निवडीला आधार आहे. ससेक्स, केंट, हॅम्पशायर ह्या परगण्यांत शॅम्पेन प्रांतासारखीच खडूची जमीन आढळते. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची रीतही तीच. हवामान उबदार होत चालल्याने तेथे द्राक्ष अधिक भरवशाने पिकू लागले आहे. मात्र 2015 साली तैतांजे ह्या शॅम्पेनच्या फ्रेंच घराण्यानेच केंटमध्ये जमीन घेतली. भांडवलाला स्वदेश नसतो, तो असा.

दुसरा मुद्दा भेटीचा. भेटीत परतफेडीचे बंधन दडलेले असते, हे मार्सेल मोस ह्या समाजवादी विचाराच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 साली दाखवून दिले. ब्रिटिश कायदाही ते जाणतो. अनुचित काम करवून घेण्यासाठी दिलेली भेट 2010 च्या कायद्याने लाच ठरते. शिवाय ग्राहकाला दिलेल्या मद्याच्या बाटलीचा खर्च करपात्र नफ्यातून सहसा वजा करता येत नाही. कंपनीचे नाव ठळकपणे छापलेली, वर्षाला माणशी 50 पौंडांपर्यंतची वस्तू चालते. खाद्य, पेय व तंबाखू चालत नाही. तुमच्या औदार्याचा भार सरकारी तिजोरीवर नको, असाच ह्याचा अर्थ.

परंतु खरा प्रश्न बाटलीवरच्या चिठ्ठीत दिसत नाही. तेथे मातीचे गुणगान असते, द्राक्षे खुडणाऱ्या हातांचा उल्लेख नसतो. शेतमजुरांचे वेतन, जादा कामाचा मोबदला, रजा हे ठरवणारे वेतन मंडळ इंग्लंडमध्ये 2013 साली मोडीत काढण्यात आले. त्यानंतर 2019 पासून फळे-भाज्यांच्या तोडणीसाठी हंगामी व्हिसावर परदेशी मजूर आणले जाऊ लागले. हंगाम सरला की त्यांनी परतायचे. अशा मजुरांची संघटना बांधणे किती अवघड, हे आपल्याकडील ऊसतोडणी कामगारांत काम केलेल्यांना मी सांगायला नको.

आपल्याकडे दिवाळीचा बोनस ही एके काळी मालकाची मेहेरबानी मानली जाई. कामगार लढले, आणि 1965 साली त्या मेहेरबानीचा कायदेशीर हक्क झाला. समाजवादाची वाट भेटीकडून हक्काकडे जाते, ती अशी.

विद्यार्थ्याला मी एवढेच लिहिणार आहे: बाटली खुशाल इंग्लिश घे, पण मागणी नोंदवण्यापूर्वी मळेवाल्याला विचार, तोडणीच्या मजुराच्या हाती भाडे कापून किती पडते? आणि तुझ्या कचेरीत रात्री झाडलोट करणाऱ्या कंत्राटी बाईचे वेतन किती, हे आपल्या वरिष्ठांना विचार. ह्या दोन प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तरच ती भेट स्वच्छ म्हणता येईल.