वरचा बिछाना आणि त्याची शिडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



आजच्या सभेत मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी काय बोलणार? मला ना गाता येते, ना लिहिता." त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या दुमजली पलंगाविषयी बोला. निम्म्या बायका तुमच्याकडे टेप घेऊन येऊन गेल्याच आहेत, उरलेल्यांचेही काम होईल." तेव्हा आज मी पलंगाविषयी बोलणार आहे. खरे म्हणजे पलंगापेक्षा त्याच्या शिडीविषयी.

वर चढून निजणे आपल्याला काही नवीन नाही. माझे माहेर परळच्या चाळीतले. एका खोलीत आम्ही सातजण. पोटमाळ्यावर आम्ही भावंडे झोपत असू. त्या पोटमाळ्याची शिडी मला अजून आठवते. चांगली जाड सागवानी, तिरकी टेकलेली आणि वरच्या वाशाला पक्की ठोकलेली. बाबा धान्याचा डबा खांद्यावर घेऊन तिच्यावरून जात. म्हणजे ती शिडी मोठ्या माणसाच्या वजनाने केलेली होती, आणि म्हणूनच आम्ही मुले तिच्यावर निर्धास्त होतो. हे शहाणपण मला डोळ्यांसमोर दिसत होते. परंतु माझ्या मुलांसाठी पलंग घेताना ते मला आठवले नाही.

आमची मुलांची खोली दहा फूट बाय नऊ फूट. तीत दोन मुले, एक कपाट, एक अभ्यासाचे टेबल, आणि सासूबाईंची दुपारची आरामखुर्ची. चार वर्षांपूर्वी आम्ही एका दुकानातून दुमजली पलंग आणला. त्याची शिडी सरळ उभी, पलंगाला अगदी चिकटलेली, दोन आकड्यांवर अडकवलेली. पायऱ्या म्हणजे गुळगुळीत गोल दांडे. दुकानदार म्हणाले, "बाई, ही शिडी जमिनीची एक इंचही जागा खात नाही." आम्ही दोघे खूष झालो. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "पाच वर्षांच्या पोराला वर कशाला निजवता?" पण धाकट्याने वरच्या बिछान्यासाठी हट्ट धरला, थोरलीने समजूतदारपणे तो दिला, आणि आम्हीही सासूबाईंचे बोलणे कानाआड केले.

दोन महिन्यांतच व्हायचे ते झाले. एका रात्री धाकटा अर्धवट झोपेत लघवीला उतरत होता. गोल दांड्यावरून पाय सटकला, त्या हिसक्याने शिडीचा एक आकडा निसटला, आणि मुलगा शिडीसकट खाली आला. मनगटाचे हाड मोडले. पाच आठवडे प्लास्टर. देवाची कृपा म्हणून डोक्याला लागले नाही.

भगिनींनो, हाड जुळून येते. भीती मात्र लवकर जात नाही. प्लास्टर निघाल्यावर आम्ही त्याला पुन्हा वर निजवले, ही आमची दुसरी चूक. तो काही बोलला नाही. पण महिनाभराने थोरली माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, तो रात्री उतरतच नाही. सकाळपर्यंत तसाच पडून राहतो, आणि कधी कधी अंथरूण ओले झाले की माझ्याकडून चादर बदलून घेतो. तुला सांगू नको म्हणालाय." त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. जागा वाचविण्याच्या नादात मी माझ्या मुलाची रात्र अडवून ठेवली होती.

त्याच रात्री मुले बैठकीच्या खोलीत निजली असताना मी दिवा मालवून त्या शिडीवर चढले, आणि मग उतरले. चढताना फारसे काही वाटले नाही. उतरताना मात्र जीव टांगणीला लागला. खालची पायरी दिसत नाही, पायाचा जेमतेम अंगठा दांड्यावर टेकतो कारण मागे पलंगाची फळी आडवी येते, आणि वर हाताला धरायला काहीच नाही. मग माझ्या लक्षात आले की दुकानात आम्ही मुलांना फक्त चढताना पाहिले होते. मुले हसत चढली, आम्ही पैसे दिले. शिडीची परीक्षा चढण्यात नसते, रात्री अर्धवट झोपेत उतरण्यात असते. आज मला एवढेच सांगायचे आहे. बाकीचे सारे त्यातून निघालेले आहे.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला खालचा बिछाना दिला. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या बहिणीने फोनवर सांगितले की तिकडे दुमजली पलंगांसाठी १९९९ साली सरकारी नियम झाले आणि २००० सालापासून ते लागू आहेत. सहा वर्षांखालच्या मुलाला वर निजवू नये, अशी सूचना तिथे पलंगावरच लावावी लागते. म्हणजे सासूबाईंनी जे अनुभवाने सांगितले होते, तेच.

मग आमच्या ओळखीच्या सुतारकाकांना बोलावले. त्यांनी पलंग तसाच ठेवून शिडी नवी केली. काय केले ते सांगते.

पहिली गोष्ट, शिडी तिरकी केली. चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, हा त्यांचा हिशेब. आमचा वरचा बिछाना पाच फुटांवर आहे, म्हणून शिडीचा पाय सव्वा फूट पुढे आला. शिडीची रुंदी सोळा इंच. मी हिशेब केला तेव्हा मला हसू आले आणि लाजही वाटली. सरळ उभ्या शिडीने आम्ही जी जागा वाचविली होती, ती जेमतेम एका पाटाएवढी होती.

दुसरी, गोल दांड्यांऐवजी साडेतीन इंच रुंदीच्या सपाट फळ्या घातल्या. त्यांच्या कडा घासून गोल केल्या. वर सनमायका लावू दिला नाही, कारण तो घसरतो. त्याऐवजी प्रत्येक पायरीवर तीन उथळ खाचा पाडल्या. सगळ्या पायऱ्यांतले अंतर सारखे, दहा-दहा इंच. एक पायरी जरी कमी-जास्त झाली, तरी अंधारात पाय नेमका तिथेच चुकतो.

तिसरी, आकडे काढून टाकले आणि शिडी वर नट-बोल्टने कसली. खाली रबराचे बूट घातले. शिडीखाली सतरंजी वा पायपुसणे ठेवायचे नाही, असेही सुतारकाकांनी बजावले. बोल्ट दर दिवाळीच्या साफसफाईत मी स्वतः पान्याने आवळते.

चौथी, शिडीचे दोन्ही उभे खांब बिछान्याच्या वर फूटभर नेले. त्यामुळे गादीवरून वळून पहिला पाय खाली टाकताना धरायला हात मिळतो. पडण्याचा खरा क्षण तोच असतो. शिडी उशाकडे न ठेवता पायथ्याकडे ठेवली, म्हणजे झोपेत कूस बदलताना कठड्यातल्या फटीशी डोके येत नाही.

आता कठड्याविषयी. कठडा दोन्ही बाजूंना हवा, भिंतीकडच्या बाजूलाही. भिंत आणि गादी यांच्या फटीत मूल घसरून अडकू शकते. कठड्याच्या पट्ट्यांमधली फट साडेतीन इंचांहून कमी असावी. त्याहून मोठ्या फटीतून लहान मुलाचे अंग सरकून जाते आणि डोके मात्र अडकते, त्यात गुदमरण्याचा धोका असतो. आणि कठडा गादीच्या वर निदान पाच इंच तरी हवा. इथे आपल्याकडची एक गोम आहे. आपण कापसाची गादी पिंजून आणली की ती दोन-तीन इंच फुगते, आणि कठडा तेवढाच बुटका होतो! म्हणून पिंजलेली गादी घातल्यावर पुन्हा मोजा. वर पातळ गादीच बरी.

तशीच दुसरी गोम पंख्याची. आमच्या खोलीची उंची साडेनऊ फूट, पाच फुटांवर गादी. मूल उठून बसले आणि त्याने आळस दिला की हात पंख्याच्या पात्याजवळ जातो. आम्ही छताचा पंखा काढून जाळीचा पंखा समोरच्या भिंतीवर लावला. हे करणे शक्य नसेल, आणि पलंग पंख्यापासून चांगला दूरही सरकत नसेल, तर त्या खोलीत दुमजली पलंग आणू नये, असे मी स्पष्ट सांगते. वरच्या कठड्याला ओढणी, जुने लुगडे किंवा मच्छरदाणीची दोरी बांधून मुलांना झोका करू देऊ नका. दोरी गळ्याभोवती बसायला वेळ लागत नाही.

ज्यांच्याकडे थोडी जागा आहे त्यांच्यासाठी आणखी एक तोडगा. पलंगाच्या पायथ्याशी दीड फूट रुंदीचा पेट्यांचा जिना करून घ्यावा. प्रत्येक पायरीत एक खण. एकात शाळेचे कपडे, एकात खेळणी, एकात जादा चादरी. माझ्या जावेने तसा करविला आणि एक लहान कपाट घरातून काढून टाकले, म्हणजे जागेचा हिशेब जवळपास बरोबरीत सुटला. रात्री खण उघडे राहणार नाहीत, एवढे मात्र पाहावे लागते.

शिडी मोठ्या माणसाचे वजन पेलणारीच असावी. चादर बदलायला आपल्यालाच वर जावे लागते, आणि मुलाला ताप आला की रात्री कपाळावर हात ठेवायलाही. शिडीजवळ एक मंद दिवा रात्रभर ठेवा. विजेचे बिल त्याने वाढत नाही.

या सगळ्यापायी आम्हाला खर्च आला, हे खरे. पण ज्यांना तो परवडत नाही, किंवा ज्यांची मुले सहा वर्षांच्या आतली आहेत, त्यांनी मन लहान करू नये. जमिनीवर गाद्या घालायच्या, सकाळी घडी करून ठेवायच्या, हीही जागा वाचविण्याचीच रीत आहे, आणि तिच्यावरून कोणी पडत नाही.

धाकटा आता नऊ वर्षांचा आहे. दोन वर्षे तो खालीच निजला. त्याला वर जा म्हणून आम्ही कोणी म्हटले नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात एका रात्री थोरलीने त्याला विचारले, "आज वर झोपतोस का? मी खाली जागी राहीन." तो गेला. पहाटे मला पावलांचा आवाज आला. तो एक एक पायरी मोजत उतरत होता, अगदी मोठ्याने. पाचवी मोजून त्याचे पाय फरशीवर टेकले. न्हाणीघरात जाऊन आला आणि पुन्हा वर चढला. मी अंथरुणातच होते. उठून पाहायला गेले नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पलंग घ्यायला जाल तेव्हा टेप जरूर न्या. पण मोजमाप झाल्यावर पदर खोचा आणि स्वतः एकदा वर चढून, डोळे मिटून खाली उतरा. दुकानातली माणसे हसतील. हसू द्या. तुम्हाला उतरता आले, तरच तो पलंग घरी आणा.

ज्यांना शिडी पाहायची आहे त्यांनी रविवारी चारनंतर घरी यावे. चहा होईल.