वाफसा आला का? स्नेक प्लांटची गोष्ट

बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "घराला कुलूप लावून पंधरा दिवस गावी जाता येईल असं एखादं झाड सांगा." तर आज स्नेक प्लांट. तलवारीसारखी उभी पानं, हिरव्यावर करडे पट्टे, काहींना पिवळी कड. मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. सान्सेव्हिएरिया हे त्याचं जुनं शास्त्रीय नाव, २०१७ पासून ते ड्रॅसिना प्रजातीत धरतात.

हे झाड मरतच नाही, असं सगळे म्हणतात. आमच्या नाशिकच्या घरी ते मरायला टेकलं होतं.

बाबांनी ते गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून आणलं होतं. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये बाबा गेले. त्यानंतर आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की एक तांब्या या कुंडीत ओतायची. श्रावणात पानं पिवळी पडली, बुडाशी मऊ झाली. एक तर हातातच आलं. आई म्हणाली, "पाणी कमी पडतंय वाटतं." आणि दोन तांबे सुरू झाले.

मला कळत होतं काय चुकतंय. पण बोलवेना. बाबांसाठी करण्यासारखं तिच्या हातात तेवढंच उरलं होतं.

मग निफाडहून मामा आला. त्याची द्राक्षबाग आहे. त्याने कुंडीत बोट खुपसलं आणि म्हणाला, "ताई, वाफसाच नाही गं. मुळं गुदमरलीत."

वाफसा म्हणजे मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी अवस्था. पाणी साचलं की हवा जाते आणि मुळं कुजतात. आई शेतकऱ्याचीच मुलगी, तिला एका शब्दात कळलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "मग तू का नाही बोललास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता थोडं झाडाबद्दल. हे पाणी पानांत आणि मातीतल्या जाड कंदात साठवतं. पानांवरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं, त्यामुळे दिवसाच्या उन्हात फार पाणी उडून जात नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात तर ते आणखी कमी पितं. त्यात आमच्या कुंडीत नाशिकची काळी माती, पाणी धरून ठेवणारी.

आम्ही झाड उपसलं. कुजलेला, तपकिरी भाग स्वच्छ सुरीने कापला. उरलेला कंद दोन-तीन दिवस सावलीत सुकू दिला. मग लहान, भोकाच्या कुंडीत पोयटा माती, कोकोपीट आणि जाड वाळू समप्रमाणात घालून लावला. पाणी आठवड्याने.

तुमच्यासाठी अंदाज असा: एप्रिल-मेमध्ये दहा-पंधरा दिवसांनी पाणी, पावसाळ्यात आणि थंडीत महिन्यातून एकदा पुरे. पण कॅलेंडरपेक्षा बोटावर विश्वास ठेवा. दोन पेरं आत कोरडं लागलं तरच पाणी. थंडीत पारा दहाच्या खाली जायला लागला की गॅलरीतली कुंडी आत घ्या. पिवळ्या कडेच्या झाडाचं पान कापून लावलं तर नव्या रोपाला ती कड येत नाही. कड हवी तर कंदच वेगळा करा. आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर कुंडी उंचावर ठेवा, पानं खाल्ली तर त्यांना उलट्या होतात.

हवा शुद्ध होते का? नासाचा १९८९चा प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ साली जुन्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसलं की उघड्या खिडकीइतका परिणाम हवा तर एका चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. तेव्हा खिडकी उघडा, झाड आवडतं म्हणून ठेवा.

आमच्या झाडाला मार्चमध्ये एक कोंब आला, सुरळीसारखा. आई अजूनही रोज सकाळी तुळशीनंतर तिकडे जाते, पण तांब्या ठेवून. बोट घालते, "अजून नाही" म्हणते आणि चहाला येते. परवा फोनवर मामाला सांगत होती, "आज दिलं रे पाणी. वाफसा होता."

तुमच्या कुंडीतही आज एकदा बोट घालून बघा. भेटू पुढच्या भागात.