पहिल्या पगाराची गोष्ट

(पदवीधर मुलींच्या मेळाव्यातील भाषण)



१९९४ साली बी. कॉम. होऊन मी एका कंपनीच्या हिशेब खात्यात लागले. माझ्या वर्गातला एक मुलगा त्याच दिवशी, त्याच कामावर लागला. मार्क माझे जास्त होते. तीन महिन्यांनी पगारपत्रकाची बेरीज माझ्याकडे आली, तेव्हा कळलं : मला १५०० रुपये, त्याला १८००.

साहेबांना विचारलं. ते हसून म्हणाले, "तुम्ही काय, उद्या लग्न करून जाल. त्याला घर चालवायचंय." वडील गेल्यापासून आमचं घर माझ्याच पगारावर चालत होतं. तेवढंही मला बोलता आलं नाही. मी गप्प बसले.

त्या गप्प बसण्याची किंमत सांगते. दोघांनाही दरवर्षी दहा टक्के वाढ मिळाली असं धरा. पाच वाढींनंतर ३०० चा फरक ४८३ होतो. नवी नोकरी शोधायला जावं, तर तिथेही पहिला प्रश्न, "आधीचा पगार किती?" फंड, ग्रॅच्युइटीसुद्धा पगारावरच मोजतात. लग्न, मूल, रजा हे सगळं पुढचं. त्याआधीच आपण मागे पडलेल्या असतो.

कायदा होता. समान वेतन कायदा १९७६ चा. मुंबईच्या ऑड्री डिकोस्टा या स्टेनोग्राफर बाईंनी त्याच्या आधारे मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध दाद मागितली. तिथे पुरुष स्टेनोग्राफरांना जास्त पगार होता. कंपनीने युनियनशी झालेला करार पुढे केला, ऐपत नसल्याचंही सांगितलं. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही सबबी फेटाळल्या. सात वर्षांनी मी साहेबांपुढे उभी होते आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आज ती तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आहे : सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल, तर बाई म्हणून कमी पगार देता येत नाही.

पण शेजारच्या टेबलावरचा पगारच माहीत नसेल, तर दाद कशाची मागणार? म्हणून प्रत्येक वर्गाने एक वही घालावी. कोण कुठल्या कामावर लागलं, सुरुवातीला किती मिळालं, ते मुलामुलींनी त्यात लिहावं. नेमणूकपत्रावर सही करण्याआधी प्रत्येकीने ती वही बघावी, आणि कमी वाटलं तर विचारावं.

पैशाचं बोलायची लाज वाटते, मलाही वाटायची. म्हणून पहिली नोंद माझी घ्या : १९९४, हिशेब खातं, १५०० रुपये. आता तुम्ही सांगा.