लंपन कुठून आला?



कादंबरीतली, कथेतली मुलं येतात कुठून?
पुष्कळदा लेखकाच्या स्वतःच्या लहानपणातून.

प्रकाश नारायण संतांचा लंपनच घ्या.
संत म्हणजे कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव.
ते बेळगावात वाढले.
पुढे कराडला भूगर्भशास्त्र शिकवू लागले.
त्यांचा लंपनही कर्नाटकच्या सीमेवरच्या गावात राहतो.
आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांजवळ.

त्याच्या कानावर मराठी पडते, कानडीही पडते.
साध्या गोष्टीलाही तो हजारांचे भलतेच आकडे लावतो!
मैत्रीण सुमीबद्दल काय वाटतं, ते मात्र त्याला नीट सांगता येत नाही.

श्रोतेहो, लंपन म्हणजे हुबेहूब संत नव्हेत.
लहानपण लेखकाचं, पण मुलगा नवा.
मला हेच फार मोलाचं वाटतं.
काही लंपनकथा साठच्या दशकात आल्या.
मग दीर्घ खंड पडला.
‘वनवास’ हे पुस्तक आलं 1994 साली.
तोवर संतांची पन्नाशी उलटली होती.
तरी आवाज दहा-अकरा वर्षांच्या पोराचाच!

आता आपल्या भिवंडीकडे पाहा. इथे मुलं यंत्रमागांच्या खडखडाटात वाढतात.
लंपनसारखीच अनेक भाषा ऐकतात: मराठी, उर्दू, तेलुगू, एकाच गल्लीत.
असा मुलगा मराठी कादंबरीत यावा, ही माझी मनापासूनची इच्छा.

तोवर लंपन वाचा.
सुरुवात ‘वनवास’पासून करा.
मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’.