विकत घेतलेला गेम, कंपनीच्या हातातली किल्ली

सेलू तालुक्यातल्या आमच्या वालूरसारख्या गावातही आता पोरं मोबाईलवर, कॉम्प्युटरवर गेम खेळतात. काही जण पैसे साठवून गेम विकत घेतात. मात्र रेंज गेली की एकट्यानं खेळायचा गेमसुद्धा कधी कधी उघडत नाही. कारण तो सुरू होताना इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, हा ग्राहक खरा आहे ना? तिकडून होकार आला तरच खेळ पुढे सरकतो. चोरीच्या प्रती निघू नयेत म्हणून लावलेलं हे कुलूप. त्याची किल्ली कायम कंपनीकडेच राहते. मग अशा कंपनीवर भरवसा ठेवावा का?

आधी कंपनीची बाजू. गेम बनवायला माणसं वर्षानुवर्षं राबतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम २०२० साली आला, तोही अशाच कष्टातून. त्याची फुकट प्रत उतरवून घेणं ही चोरीच आहे, आणि चोरी रोखण्याचा हक्क कंपनीला आहेच.

पण या कुलपाचा जाच होतो तो पैसे भरणाऱ्याला. २०१० च्या मार्चमध्ये युबिसॉफ्ट या कंपनीचा ‘असॅसिन्स क्रीड २’ हा गेम कॉम्प्युटरवर आला, तेव्हा तो सतत इंटरनेट मागत असे. काही दिवसांतच सर्व्हरवर हल्ला झाला आणि रीतसर विकत घेणारे अनेक जण ताटकळले. २०१३ साली दुसऱ्या एका कंपनीच्या ‘सिमसिटी’ या गेमचंही तेच झालं. सर्व्हरला गर्दी झेपेना. पुढच्या वर्षी ‘सिमसिटी’च्याच कंपनीनं तो गेम इंटरनेटविना चालेल असा करून दिला.

सगळ्यात बोलका दाखला ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचा. तो २०१४ साली बाजारात आला. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टनं त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्यानं खेळायचा भागही थांबला.

याउलट आमच्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव बघा. ती गाळानं भरली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली. दगड जागेवर होते, म्हणून ते जमलं. सर्व्हरवर विसंबलेल्या गेमचा अर्धा भाग ग्राहकाच्या घरी आलेलाच नसतो. कंपनीनं तो बंद केला, की दुरुस्त करायला हाती फारसं काही उरत नाही. आपला कॉपीराइट कायदा रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत ठेवू देतो, पण सर्व्हरच नसेल तर ती प्रत काय कामाची?

सगळ्यांना एकाच मापानं मोजू नये. २०१९ साली मायक्रोसॉफ्टनं अशाच कुलपातल्या ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, पुस्तकं गेली, पण ग्राहकांचे पैसे परत दिले. पोलंडमधलं जीओजी हे दुकान २००८ पासून असं कुलूप नसलेले गेम विकत आलं आहे. लोकांच्या आवाजालाही वजन आहे. ‘द क्रू’वरून ओरड झाली, तेव्हा त्याच्या पुढच्या भागांना ऑफलाइन सोय देऊ, असं युबिसॉफ्टनं जाहीर केलं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, ग्राहक गेमचा मालक होत नसून त्याला फक्त वापराचा परवाना मिळतो, हे दुकानानं स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. आपल्याकडेही असा नियम यायला हवा.

तोवर पैसे देण्याआधी कंपनीचा शब्द लेखी आहे का, ते बघा. गेम इंटरनेटविना चालतो का? सर्व्हर किती वर्षं चालू राहील? तो बंद झाल्यावर खेळायची सोय देणार, की पैसे परत करणार? ही उत्तरं देणाऱ्या कंपनीवर खुशाल विश्वास ठेवा. जी देत नाही, तिचा गेम भाड्यानं घेतोय असं समजा आणि भाड्याइतकेच पैसे मोजा. किंमत मालकीची आणि हक्क भाडेकरूचा, हा व्यवहार आपण मान्य करू नये.