ऑरेंज वाइन आणि आपला संत्रा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी नागपुरातला वाइनचा व्यापारी. कुणाला पिण्याचा आग्रह करायला मी इथे आलेलो नाही. चव घेणे हा माझ्या धंद्याचा भाग आहे, तेवढ्यापुरतेच बोलणार आहे. 'वाइन शॉप' अशी पाटी आपल्याकडे जागोजागी दिसते. आत मात्र व्हिस्की आणि बिअरच जास्त खपते. त्यामुळे एखादी वेगळी वाइन हाती आली की मला फार आनंद होतो.

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मित्राने मला जॉर्जिया देशातली एक बाटली दिली. म्हणाला, ही ऑरेंज वाइन. ती पाहून एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने विचारले, "आपल्या संत्र्याची काय भाऊ?" नागपूरकराला दुसरे काय सुचणार! पण तिच्यात संत्र्याचा थेंबही नसतो. ती पांढऱ्या द्राक्षांचीच असते. एरवी पांढरी वाइन करताना रस सालींपासून लगेच वेगळा करतात. जॉर्जियात मात्र रस, साली आणि बिया एकत्रच, जमिनीत पुरलेल्या 'क्वेव्री' नावाच्या मातीच्या रांजणात कित्येक महिने ठेवतात. सालींचा रंग उतरून वाइन केशरी होते. या पद्धतीची युनेस्कोने 2013 मध्ये सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. पद्धत फार जुनी, पण 'ऑरेंज वाइन' हे नाव 2004 चे. ते दिले डेव्हिड हार्वे या ब्रिटिश वाइन-व्यापाऱ्याने.

खरे सांगतो, पहिला घोट मला आवडला नाही. कोऱ्या चहासारखा तुरटपणा जिभेला जाणवला. पेला तसाच ठेवला. अर्ध्या तासाने, गारवा उतरल्यावर, त्याच वाइनला सुकवलेल्या जर्दाळूची चव आली. पहिल्या घोटावर निकाल देऊ नये, हे त्या दिवशी कळले.

पुढे तोच धडा उलट बाजूने मिळाला. काटोलकडचे एक बागायतदार दुकानात आले. पिशवीत घरी केलेली संत्र्याची वाइन होती. परवान्याशिवाय असे करणे गुन्हा आहे, हे मी त्यांना आधी सांगितले. ते म्हणाले, "माहीत आहे भाऊ. पण बारीक फळाला भावच नाही. तिकडे बांगलादेशानं आयातशुल्क वाढवून ठेवलं. कर्ज काढून कारखाना टाकावा म्हणतो. तुम्ही फक्त चाखून सांगा."

पहिला घोट सुरेख होता, अगदी बहरातल्या बागेसारखा सुगंध. मी "वा" म्हणणारच होतो. घोट गिळला, आणि घशाशी कडवटपणा आला तो जाईना. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. चांगली झाली म्हणणे सोपे होते. पण त्या शब्दावर एका माणसाने कर्ज काढले असते. मी म्हटले, "दादा, कडू आहे."

"रस तर गोड होता न भाऊ!"

होताच. संत्र्याचा ताजा रस गोड असतो, पण काही तासांनी कडवट होतो, हा आपल्या घरोघरचा अनुभव आहे. फळाच्या बियांत आणि पापुद्र्यात असलेल्या द्रव्यापासून रसात हळूहळू 'लिमोनिन' तयार होते, त्याची ही करामत. फळ झाडावर पुरते पिकले की हे द्रव्य कमी होते. म्हणजे वेळेआधी तोडलेले किंवा गळालेले फळ वाइनला घालून भागणार नाही. जॉर्जियात साली आणि बियांनी वाइन घडते. आपल्या संत्र्यात बिया आणि पापुद्रे आधी काढावे लागतील.

ते काही न बोलता गेले. मला दोन दिवस चैन पडले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. कर्जाचा विचार त्यांनी बाजूला ठेवला होता. पिकलेली फळे घेऊन, परवाना असलेल्या एका वायनरीत आधी थोडी वाइन करून पाहणार होते.

"तयार झाली की चाखायला याल न भाऊ?" त्यांनी विचारले.

येतो म्हणालो.