रुग्णसेवकांची सुरक्षा: प्रश्न केवळ पहाऱ्याचा नाही
(जबलपूर येथील सराफा भागात कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



सराफ्यासारख्या पेठेत दागिन्यांच्या रक्षणासाठी दारावर पहारेकरी असतो आणि त्याचा पगार कोणाला जड वाटत नाही. परंतु रात्रपाळीत भरलेल्या वॉर्डात एकटीच उभी असलेल्या परिचारिकेसाठी पहारेकरी मागितला, की अंदाजपत्रकात पैसा नसतो. आजचा विषय येथूनच सुरू होतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयाच्या आवारातच अमानुष हल्ला झाला. हल्लेखोर बाहेरचा कोणी नव्हता, त्याच रुग्णालयातील कर्मचारी होता. त्या 18 मे 2015 रोजी निवर्तल्या. मधली जवळजवळ 42 वर्षे त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला. पुढे 1980च्या दशकात अरुणाताईंना तेथून हलविण्याचा प्रशासनाचा बेत झाला, तोही परिचारिकांच्या विरोधामुळे बारगळला. संघटित सहानुभूती म्हणजे काय, हे त्या भगिनींनी पिढ्यानपिढ्या शुश्रूषा करून दाखविले.

मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने मारहाण केली. त्यात त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी येथे मेंदूशल्यचिकित्सक नाही, रुग्णाला अन्यत्र न्यावे लागेल, एवढेच त्याने सांगितले होते. तज्ज्ञाची जागा भरण्याची जबाबदारी त्या तरुणाची नव्हती. परंतु व्यवस्थेच्या उणिवेची किंमत त्याच्या डोळ्याने चुकविली. महाराष्ट्रभर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, तेव्हा शासनाने 1,100 सुरक्षारक्षक देण्याचे कबूल केले.

आपल्याच प्रांतात, इंदूरच्या टाटपट्टी बाखलमध्ये, 1 एप्रिल 2020 रोजी साथीच्या तपासणीस गेलेल्या पथकावर दगडफेक झाली. त्यातील महिला डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर झाल्या. त्यांच्या धैर्याला अभिवादन करावे, परंतु त्या धैर्याच्या आड शासनाने लपू नये.

शरीराची जखम दिसते, मनाची दिसत नाही. मार खाल्लेला माणूस पुढे प्रत्येक उंच आवाजाने दचकतो. झोप उडते, कामातील मन उडते, कित्येक जणी रात्रपाळी टाळतात वा नोकरीच सोडतात. कंत्राटी आया आणि सफाई कामगार तर तक्रारही करीत नाहीत, कारण तक्रार करणाऱ्याचे कंत्राट पुन्हा होईलच, याची शाश्वती नसते. आणखी एक परिणाम अधिक गंभीर आहे. भ्यालेला डॉक्टर अत्यवस्थ रुग्णाला हात लावण्याऐवजी पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहितो. ती चिठ्ठी घेऊन वणवण कोणाला करावी लागते? ज्याच्यापाशी मोटार नाही, त्यालाच. म्हणजे हा हल्ला अखेर गरीब रुग्णावरच उलटतो.

कायदे नाहीत असे नाही. मध्य प्रदेशाने 2008 मध्ये आणि महाराष्ट्राने 2010 मध्ये कायदा केला. महाराष्ट्रात हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून 3 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. केंद्राने 22 एप्रिल 2020 रोजी वटहुकूम काढला, पण तो साथरोग कायद्यापुरता. तरीही 9 ऑगस्ट 2024 रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कर्तव्यावर असलेल्या तरुण डॉक्टर भगिनीचा बलात्कार करून खून झाला. शिक्षा गुन्ह्यानंतर येते. संरक्षण त्याआधी हवे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या 2019च्या 190 क्रमांकाच्या करारानेही प्रतिबंधाचे दायित्व शासन आणि मालक यांच्यावर टाकले आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. रिक्त जागा ताबडतोब भरा. रात्रपाळीत पुरेसे मनुष्यबळ, उजेड, विश्रांतीची बंदिस्त खोली आणि जाण्यायेण्याची सोय द्या. पोलीस तक्रार संस्थेने स्वतः नोंदवावी, पीडितावर सोडू नये. पीडिताला पगारी रजा व मानसिक उपचार मिळावेत आणि हे सर्व कंत्राटी कामगारांनाही लागू व्हावे.

आपलेही एक काम आहे. रुग्णाच्या नातेवाइकाचा संताप पुष्कळदा खरा असतो. औषध बाहेरून आणावे लागते, खाट मिळत नाही, कोणी नीट बोलत नाही. तो संताप पांढऱ्या डगल्यावर फुटू न देता रिकाम्या जागा आणि रिकामी औषधकपाटे यांच्याविरुद्ध उभा करणे, वस्तीवस्तीत रुग्ण आणि रुग्णसेवक यांची एकजूट बांधणे, हे कार्यकर्त्याचे कर्तव्य होय. ते आपण उद्यापासूनच हाती घेऊ या.